झिऱ्याच्या वाटेवरचं मीठ

गेल्या दिवाळीत माझे मेहुणे घनश्यामराव नागपूरहून बाभुळगावला आले, ते गळ्यात कॅमेरा अडकवूनच. चहा पिता पिता म्हणाले, भाऊजी, तुम्ही पांढरकवड्याकडच्या जंगलात मास्तर होता ना, तिथं म्हणे हरणं घराजवळ येतात. दोन दिवस जाऊ, सकाळी फिरू, हरणं पाहू. मी त्यांना म्हटलं, एवढी हौस असेल तर महाराजबागेत जा, तिथं पिंजरा आहे. बोलणं जरा जास्तच कडक झालं. बायकोनं डोळे वटारले, आणि मेहुणे होते तोवर घरात कोणी हरणाचं नाव काढलं नाही.

माझा स्वभाव तिरसट आहे, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण या एका गोष्टीत माझं चुकलं असं मला वाटत नाही. हरणं घराजवळ यायला लागली की माणसं हुरळून जातात. ती का आली हे कोणी विचारत नाही, आणि त्यांच्या मागून कोण येतंय हे तर नाहीच नाही. मीही विचारलं नव्हतं. बावीस वर्षांचा होतो, अक्कल यायची होती. हौस माझी होती, भोवली माझ्या शेजारणीला, धनीबाईला.

अठ्ठावन्न सालच्या जुलैत माझी पहिली नेमणूक झाली ती देवसिंग नाईकाच्या तांड्यावर. पांढरकवड्याहून हैदराबादच्या सडकेनं एखाद्या ट्रकमध्ये बसून यायचं, मध्येच उतरायचं आणि दीड कोस पायी चालायचं. तीसेक घरांची बंजाऱ्यांची वस्ती. एका अंगाला कपाशीची, तुरीची वावरं, दुसऱ्या अंगाला सागाचं जंगल. शाळा म्हणजे कुडाची एक खोली, तिच्या मागच्या पडवीत मी राहायचो. शाळेला लागूनच धनीबाईचं घर. घरात ती, तिचा मुलगा बाबूसिंग आणि सून जमनी. बाबूसिंग दिवाळी झाली की पांढरकवड्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या हमालीला जायचा आणि होळीलाच परत यायचा. तेवढे चार-पाच महिने घरात सासू-सुना दोघीच.

धनीबाई उंच, हाडापेरानं मोठी, हनुवटीवर गोंदण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून दंडावरच्या बांगड्या उतरलेल्या, पण आरशांची ओढणी आणि आवाज दोन्ही शाबूत. मी पहिल्या दिवशी ट्रंक डोक्यावर घेऊन आलो तेव्हा तिनं मला आपादमस्तक पाहिलं आणि अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल असं विचारलं, हा पोरायले शिकवन का पोरंच याले शिकवतीन? मी चिडलो. पण संध्याकाळी तिच्याच घरून ज्वारीची भाकर आणि तिखटजाळ भाजी आली, आणि त्या दिवसापासून रोज येत राहिली. तांड्यात सगळे तिला याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. महिनाभरात मीही याडीच म्हणायला लागलो. माझी आई मी चौथीत असताना गेली होती, त्यामुळे तो शब्द तोंडात बसायला वेळ लागला नाही.

तांड्याची विहीर दिवाळीनंतर तळाला जायची. मग पाणी झिऱ्याचं. झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत उकरलेला खड्डा; त्यात पाणी हळूहळू पाझरतं, वाटीनं उपसून घागर भरावी लागते. आधी जाईल तिला निवळ पाणी, मागून जाईल तिला गढूळ. जमनी सगळ्यांच्या आधी, तांबडं फुटताच एकटी जायची. दोन घागरी आणायची, त्यातली एक माझ्या दारात ठेवायची. मी कधी मागितली नव्हती, तिच्या सासूचा तसा हुकूम होता.

झिऱ्याच्या वाटेवर निम्म्यात मोहाचं एक जुनं झाड होतं आणि त्याच्याखाली शेंदूर फासलेला दगड. त्या दगडाची गोष्ट मला धनीबाईनंच सांगितली. तिचा आजेसासरा बैलांच्या पाठीवर मीठ लादून समुद्राकडून वऱ्हाडात आणायचा. शेकडो बैल, आणि सगळ्यांच्या पुढे हिरा नावाचा एक पांढरा बैल. पुढे आगगाडी आली, मीठ डब्यातून यायला लागलं आणि यांची लदेणी बुडाली. शेवटच्या फेरीत हिरा या मोहाखाली बसला तो उठलाच नाही. हिरा जिथं बसला तिथंच तांडा बसला. त्या घराची तेव्हापासूनची रीत अशी, की दर अमावास्येला पहाटे घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं त्या दगडापुढे मूठभर खडे मीठ ठेवायचं. जन्मभर हिऱ्यानं मीठ वाहिलं, चाटायला मात्र मिळालं नाही. आता तरी चाट बाबा, म्हणून.

मला सकाळी फिरायची सवय होती. अशाच एका अमावास्येला मी तिच्यासोबत गेलो. तिनं मीठ ठेवलं, हात जोडले, आणि मला ओढून बांधाच्या आड बसवलं. थोड्या वेळानं झाडीतून तीन चितळं आली. दोन माद्या आणि एक मोठा शिंगाळ्या नर, त्याचं डावं शिंग टोकाशी मोडलेलं. वीस हातांवर उभी राहून ती मीठ चाटत होती, त्यांच्या जिभांचा आवाज मला ऐकू येत होता. मी शेतकऱ्याच्या घरचा, हरणं मी पळतानाच पाहिलेली, तीही पाठमोरी. धनीबाईनं मोडक्या शिंगाच्या नराकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाली, हिरा आला. ती थट्टा करत नव्हती. तिचा तसा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाऊन बसलो. हरणं आली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिला म्हटलं, याडी, मीठ रोज का नाही ठेवत? ती भाकर थापत होती. थापता थापताच म्हणाली, "महिन्यातून एकडाव देल्लं तं मान असते मास्तर. रोज देल्लं तं चटक लागते."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं तिनं. पण शहाण्याला शब्दाचा मार, आणि मी कुठला शहाणा! पुढच्या बाजाराला पांढरकवड्याला गेलो आणि पिशवीभर खडे मीठ घेऊन आलो. ती रागावली. मी लाडीगोडी लावली. ती ऐकेना तेव्हा म्हटलं, अगं, हिऱ्याला तू महिना महिना उपाशी ठेवतेस, तुझ्या जिवाला काही वाटत नाही का? तिनं पिशवीतला एक खडा उचलून जिभेवर ठेवला, बराच वेळ चघळला. दुसऱ्या दिवशी अमावास्या नव्हती, तरी ती मूठ भरून घेऊन निघाली आणि माझ्या दाराशी थांबून म्हणाली, चाला.

त्या दोन महिन्यांतलं सुख मी नाकारणार नाही. रोज सकाळी शाळेआधी आम्ही दोघं जायचो. हरणं तीनची सात झाली, सातची वीस. धनीबाईनं मला जंगल वाचायला शिकवलं, मी पोरांना बाराखडी शिकवायचो तसंच, चुकलं की चापट मारून. वानर झाडावर खोकलं तर खाली काय असेल, मोर अवेळी ओरडला तर कुठल्या बाजूला पाहायचं, भेडकी हरणाच्या जातीची असून कुत्र्यासारखी का भुंकते, अस्वलानं उकरलेलं वारूळ आणि डुकरानं उकरलेली जमीन यात फरक काय. रोही, म्हणजे नीलगाईचा नर, वावरात शिरला तर त्याला हाकलताना मागं सरकायला जागा ठेवायची, नाहीतर तो अंगावर येतो. एकदा तितरांचा थवा पायाखालून उडाला आणि मी बांधावरून खाली पडलो, तर ती दगडावर बसून डोळे पुसेपर्यंत हसली. आठ दिवस सगळ्या तांड्याला सांगत होती, मास्तरले तितरानं पाडलं.

पण हळूहळू काही गोष्टी बिघडत चालल्या होत्या, आणि त्या आमच्या डोळ्यांसमोरच चालल्या होत्या. मोहाखालची माती हरणांनी चाटून चाटून खोल गेली, झाडाची मुळं उघडी पडली. हरणांना माणसाची भीती उरली नाही. जमनी घागर घेऊन आली तरी ती वाटेतून हटेनात. तिला तेव्हा दिवस गेलेले, पाचवा महिना. ती सासूला म्हणाली, याडी, हे जनावरं बाजूलेच होत नाईत. धनीबाई म्हणाली, तुह्या पोटातल्याले पाहाले येतात व माय. मी हसलो. जमनी नाही हसली.

मग एका संध्याकाळी जंगलाच्या कडेला भालू ओरडली. कोल्ह्यासारखाच प्राणी, पण आवाज कोल्ह्याचा नाही, कोणी गळा धरल्यासारखा तुटका. धनीबाई चुलीपुढून उठून दारात आली. मी विचारलं तर म्हणाली, काई नाई. पण भाकर करपली तरी ती दारातून हलली नाही.

संक्रांतीनंतरची गोष्ट. आम्ही निघालो तेव्हा जमनी पाणी घेऊन परतत होती. मोहाच्या अलीकडे ती आम्हाला भेटली, डोक्यावर दोन घागरी, मान ताठ. आज जनावरं नाईत, बरं झालं, म्हणाली आणि गेली. आम्ही पुढं गेलो. खरंच एकही हरिण नव्हतं. वानर नाही, मोर नाही, पाखरू बोलत नव्हतं. धनीबाई एकदम थांबली आणि तिनं माझा दंड धरला.

धुळीत जमनीचं पाऊल उमटलेलं होतं. घागरीतलं पाणी सांडून ते ओलं झालं होतं, इतकं ताजं. त्याच्या टाचेवर दुसरा एक ठसा पडला होता, माझ्या पसरलेल्या पंजाएवढा. चार बोटं, नखं नाहीत. जमनी इथून गेल्यावर आणि आम्ही इथं यायच्या आधी, त्या मधल्या वेळात तो वाट ओलांडून गेला होता.

धनीबाई खाली बसली. तिनं त्या ठशावर हात ठेवला, तो तिच्या हाताला पुरून उरला. म्हणाली, "हा हिरा नोहे मास्तर. याले आपून बोलावलं."

परतताना ती म्हणाली, त्या दिवशी भालू याच्याच मागं ओरडत होती; नाईकाला सगळं सांगायचं, वाघाचं आणि मिठाचंही. मी म्हटलं, याडी, वाघाचं सांग, मिठाचं नको. मीठ मी आणलं हे कळलं तर वर तक्रार जाईल, माझी नोकरी अजून कच्ची आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. बरं, म्हणाली. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही, आणि मला हायसं वाटलं होतं हेही मी इथं लिहून ठेवतो.

देवसिंग नाईकानं बायकांना ताकीद दिली, एकटीनं जायचं नाही, चार-पाच जणींनी डबे वाजवत जायचं. आम्ही मीठ बंद केलं. धनीबाईनं दगडापुढची खारी माती खरवडून टोपल्यानं दूर नाल्यात टाकली, वर शेण सारवलं, बाभळीचे काटे अंथरले. हरणं काटे शिंगानं बाजूला सारून उरलेली माती चाटायची. चटक लागली होती. आणि हरणं होती तोवर तो होता. आठ दिवसांत नाईकाचं वासरू गेलं. मग पलीकडच्या गावच्या किसनराव पाटलांचा बैल, भरदुपारी, वावरातून. जंगलखात्याचा गार्ड आला, कागदावर लिहून घेतलं, ढोल वाजवा म्हणाला आणि गेला. लालीबाई म्हणून एक जण होती, तिला झिऱ्याच्या पलीकडल्या गवतात त्याचं तोंड दिसलं. घागर तिथंच टाकून ती पळत आली, दोन दिवस तिला अन्न गेलं नाही.

पण पाणी तर लागतंच. दुसरा झिरा नव्हता. जमनीला सातवा संपून आठवा लागला, तिचं चालणं मंद झालं. बायका घोळक्यानं जात, पण परतताना डोक्यावर ओझं असलं की घोळका लांबतो, आणि जमनी नेहमी सगळ्यांच्या मागं राहायची. धनीबाई तिच्या मागं काठी घेऊन चालायची आणि उलटी वळून वळून पाहायची. तिच्या तोंडचे टोमणे बंद झाले. माझ्याशी बोलायची ती कामापुरतं. मी समजून चुकलो होतो की तिच्या डोक्यात एकच गोष्ट आहे. आपण हात धरून आणलेलं संकट आपल्याच सुनेच्या मागं चालतंय.

एक दिवस ती माझ्या पडवीत आली आणि उरलेलं मीठ मागितलं. मला वाटलं हिला वेड लागलं. तेव्हा तिनं समजावून सांगितलं. लदेणीत बैल घाटापाशी अडून बसले की मारून काही होत नसे. एक माणूस तळहातावर मीठ घेऊन पुढं व्हायचा, बैल हुंगत हुंगत मागं यायचे, आणि असा सगळा तांडा घाट चढून जायचा. हरणं हाकलून जाणार नाहीत, ती नेऊनच सोडावी लागतील. रोज थोडं थोडं पुढं, नाल्याच्या वर, टेकडीपलीकडच्या डोहापर्यंत. तिकडे बारमाही पाणी आहे, गवत आहे आणि माणूस नाही. हरणं गेली की तो जाईल. आणि एका माणसाचं हे काम नाही. म्हणाली, "फुडचा मीठ पाहीन, मांगचा झाडी पाहीन. तुमी मांगं राहा."

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार होतो?

उजाडलं की आम्ही निघायचो. तांड्यात सांगायचो, डिंक गोळा करायला चाललो. पहिल्या दिवशी तिनं मोहापासून पन्नास पावलांवर एका सपाट दगडावर मीठ ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढं पन्नास. मोडक्या शिंगाचा नर सगळ्यांत आधी मागं आला, आणि त्याच्या मागं बाकीची. ती पुढं चालायची, वाकून मीठ ठेवायची, तोंडानं टक टक असा आवाज करायची, बैलांना करतात तसा. मी मागं चालायचो. झाडी पाहायची म्हणजे काय ते त्या दिवसांत मला कळलं. प्रत्येक वाळलेलं पान पिवळं दिसतं, प्रत्येक बुंध्याची सावली पट्ट्याची दिसते. तो आहे हे माहीत असायचं. भेडकी भुंकायची, आम्ही थांबायचो. भुंकणं बंद व्हायचं, आम्ही चालायचो. त्याला हरणं हवी होती, आम्हाला हरणं तिकडे न्यायची होती, आणि आम्ही दोघं त्या दोन गोष्टींच्या मधे होतो.

बारा दिवस मी गेलो. बाराव्या दिवशी टेकडीच्या चढावर ती मीठ ठेवायला वाकली आणि मी डावीकडे पाहिलं. गवतात एक कान हलला. मग दुसरा. मग मधलं तोंड मला दिसायला लागलं, आणि ते आधीपासूनच माझ्याकडे पाहत होतं. तीस पावलं असतील. तो बसलेला होता, निवांत, ओट्यावर बसून रस्ता पाहणाऱ्या माणसासारखा. मी होतो तिथंच थांबलो. धनीबाईनं मागं वळून माझा चेहरा पाहिला, मग तिकडे पाहिलं. ती हळूच माझ्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहिली, ओढणी दोन्ही हातांनी पसरली, आणि आम्ही तसेच उलट्या पावली उतरलो. घरी आल्यावर तिनं मला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाराशी आली तेव्हा मी घोंगडी पांघरून पडून होतो. म्हटलं, याडी, ताप आहे. ती आत आली, माझ्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंडगार होतं. तिचा हात तिथं जरा वेळ राहिला. म्हणाली, "झोपा मास्तर." कोपऱ्यातली मिठाची पिशवी उचलली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती दाराशी थांबली, मी कण्हलो, ती गेली. तांड्यातलं दुसरं कोणी सोबत न्यावं तर मिठाचं सांगावं लागलं असतं, आणि ते न सांगण्याचा शब्द तिनं मला दिलेला होता. हे मला तेव्हाही कळत होतं. घोंगडीखाली मी जागाच होतो. तिसऱ्या दिवशी ती थांबलीसुद्धा नाही, नुसती पावलं वाजली. दुपार झाली तरी ती परतली नाही, आणि जमनी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मास्तर, याडी कुठी गेली?

नाईकानं माणसं जमवली. मी उठलो, ताप बघता बघता उतरला होता. लोक नाल्याकडे निघाले होते, मी त्यांना टेकडीपलीकडे डोहाकडे नेलं. तुम्हाले कसं मालूम, असं कोणी विचारलं नाही. डोहाच्या काठी मोठा काळा खडक होता, त्यावर मिठाचे ओघळ होते आणि तो चाटून ओला झाला होता. हरणांच्या खुरांनी सगळी माती तुडवलेली. ती काम पुरं करूनच परत फिरली होती. खडकापासून शंभर पावलांवर, तांड्याकडे येणाऱ्या बाजूला, आरशांची ओढणी करवंदीत अडकलेली सापडली. पुढचं मी लिहीत नाही. बाबूसिंगला जिनातून बोलावून घेतलं, त्यानं जे मिळालं त्याला अग्नी दिला.

हरणं मोहाखाली पुन्हा आली नाहीत. तोही आला नाही. होळी झाली, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी जमनी बाळंत झाली, मुलगी. तांड्यात सगळे म्हणत, याडी डिंकाला गेलती, नशीब तिचं. मी मान हलवायचो. त्याआधीचे दोन दिवसही ती एकटीच का जात होती, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. जमनी बाळंतिणीच्या खोलीत होती तेव्हा लालीबाई माझ्या दारात घागर ठेवायची, आणि दीड महिना झाल्यावर पुन्हा जमनीच ठेवायला लागली. त्या घागरीतलं पाणी मी प्यायचो. गळ्याखाली उतरायचं, काही अडत नव्हतं. माणूस फार निगरगट्ट असतो.

बाबूसिंगनं मोहाखाली, हिऱ्याच्या दगडाशेजारी, आईच्या नावानं दुसरा दगड बसवला. घरातली वडीलधारी बाई आता जमनी. वैशाखातली अमावास्या आली तेव्हा ती काय करणार हे मला आदल्या दिवशीच कळलं, कारण बाबूसिंग बाजारातून खडे मीठ घेऊन आला होता. एकडाव दिलं तर मान असतो, हे मला आठवत होतं. पण त्या मातीला आता चव लागलेली होती. मूठभर मीठही डोहावरची हरणं परत आणायला पुरे होतं, की नव्हतं, ते मला सांगता येत नव्हतं. सांगू शकणारी होती, तिचा आता दगड झाला होता. मी पहाटेच जाऊन मोहाखाली उभा राहिलो.

जमनी आली. पोर ओढणीत पाठीशी बांधलेली, एका मुठीत मीठ. मला पाहून थांबली.

"जमनी, इथं मीठ ठेवू नको."

"काहून?"

मग मी सांगितलं. मीठ मी आणलं, रोज ठेवायला मी लावलं, ती नको म्हणत होती तेव्हा हिऱ्याची शपथ घालावी तशी गळ मी घातली, नाईकाला सांगू नको असंही मीच म्हटलं. वाघ मिठाच्या वाटेनं आला होता आणि याडीनं त्याला तुझ्या वाटेवरून उचलून डोहावर नेऊन सोडलं. बारा दिवस मी तिच्या मागं झाडी पाहत गेलो, शेवटचे तीन दिवस गेलो नाही. मी सांगत गेलो, ती ऐकत गेली. पाठीवरची पोर जागी झाली, तिनं एका हातानं थोपटलं. माझं बोलणं संपलं. मग तिनं एकच गोष्ट विचारली.

"त्या तीन दिसात तुमाले ताप होता ना?"

"नव्हता," मी म्हटलं. "मी भ्यालो होतो."

तिनं मूठ उघडली नाही. मीठ ओढणीच्या पदरात टाकलं, गाठ मारली, दातांनी आवळली. दोन्ही दगडांना हात लावून तो कपाळाला लावला आणि माझ्या अंगावरून घराकडे निघून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात घागर नव्हती. मी बादली उचलली आणि झिऱ्याच्या वाटेला लागलो. मोहाखाली एकही हरिण नव्हतं, धुळीत कसलाही ठसा नव्हता, दूर कुठंतरी मोर नेहमीसारखा ओरडत होता. तरी दर दहा पावलांवर मी मागं वळून पाहत होतो, कारण माझ्या मागची झाडी पाहायला कोणी नव्हतं.